बैठकीतून पत्रकारांना बाहेर काढलं की पुढे काय? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

गिरणाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. विषय तिन्ही जिल्ह्यांचा आहे म्हणून इथे टाकतोय. आढावा बैठक असो की जिल्हा नियोजन समिती, सुरुवातीला फोटोपुरतं आत सोडतात. पुष्पगुच्छ देऊन झाले की ‘माध्यम प्रतिनिधींनी कृपया बाहेर थांबावं’. बैठक संपल्यावर पालकमंत्री पायऱ्यांवर बाइट देतात, संध्याकाळी जिमाकाची (जिल्हा माहिती कार्यालयाची) प्रेसनोट येते आणि सकाळी सगळ्या पेपरांत तोच मजकूर, तीच वाक्यं. ज्याने आधी उलटं छापलं असेल तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही उडालेला असतो.

‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ छापाचं भाषण इथे नको. कुठे बसायचा हक्क आहे, कुठे नाही आणि नाही म्हटलं तर हातात काय उरतं, एवढं माहीतगारांनी सांगावं.

वकीलआबा_धुळे
आधी पाया. पत्रकाराला घटनेत वेगळं कलम नाही. अनुच्छेद १९(१)(अ) मधलं अभिव्यक्तीस्वातंत्र्य जे भाजीवाल्याला, तेच त्याला. म्हणून ‘मी प्रेसवाला, मला अडवता कसे’ हे दारावर चालत नाही आणि कोर्टात तर नाहीच. चालतं ते असं: ही सभा कायद्यानेच लोकांना खुली आहे आणि मी लोकांपैकी एक आहे.

महापालिकेची महासभा घ्या. १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीत सभा लोकांना खुली ठेवायची तरतूद आहे. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने तसा ठराव व्हावा लागतो. आयुक्तांना वाटलं म्हणून गॅलरी रिकामी करता येत नाही. नगरपालिकेत १९६५ च्या अधिनियमाचं कलम ८१ लागतं, तिथे पीठासीन अधिकाऱ्याला जास्त मोकळीक आहे. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार दोन्हीकडे आहे, तेव्हा गॅलरीतून घोषणा देऊन स्वतःचीच बाजू पाडू नका. आणि हे महासभेचं झालं, स्थायी समितीला तेच गृहीत धरू नका.

जिल्हा नियोजन समिती १९९८ च्या कायद्याची. पालकमंत्र्यांची आढावा बैठक तर कुठल्याच कायद्यातली नाही, ती प्रशासकीय बैठक. तिथे आत बसायचा हक्क मागत बसू नका, कागद मागा. समितीच्या सदस्यांना बैठकीआधी टिपणी मिळते. त्यात मागच्या बैठकीचं इतिवृत्त, अनुपालन अहवाल, योजनानिहाय मंजूर नियतव्यय (ठरवून दिलेली रक्कम) आणि खर्च असतो. आत दोन तास बसून जे कळत नाही ते त्या चोपड्यात असतं. एखाद्या आमदाराच्या स्वीय सहायकाकडे ती सहज सापडते.

तिसरी गोष्ट भेदभावाची. सगळ्यांनाच बाहेर ठेवलं तर त्याला धोरण म्हणता येतं. बाकी सगळे आत आणि एकच बाहेर असेल तर अनुच्छेद १४ चा मुद्दा येतो. पण तो सिद्ध करायला ‘कोण कोण आत होतं’ याचा पुरावा लागतो, म्हणून उपस्थिती पत्रक आणि त्या दिवशीचे अधिकृत फोटो दोन्ही जपून ठेवा.

नकार लेखी मागा, ईमेल टाकून का होईना; त्याला आधारही आहे. तिहारमधल्या फाशीच्या कैद्यांची मुलाखत पत्रकार प्रभा दत्त यांना नाकारली गेली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल दिला. पत्रकाराला मुलाखतीचा अनिर्बंध हक्क नाही, कैद्याची तयारी असावी लागते. मात्र नाकारायचं असेल तर अधीक्षकाने कारणं लेखी नोंदवावीत, असं त्यात आहे. तो निकाल तुरुंगापुरता आहे हे खरं, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की साहेब जरा जपून बोलतात.

अमळनेरना_भो
आबा, हाई बठ्ठं खरं शे, पन तालुकाना पत्रकारना ईमेल कोन वाचस? तहसीलला मेल टाकला की तो कुठे जातो ते देवालाच माहीत. आणि महासभेचा मुद्दा म्हणाल तर जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महासभाच नव्हती, मग गॅलरी कसली? ठराव प्रशासकाने एकट्याने करायचा आणि बातमीदाराने तो झाल्याचं ठेकेदाराकडून ऐकायचं.

वकीलआबा_धुळे
भो, म्हणूनच मेलवर विसंबू नका. दोन प्रती छापा, आवक-जावक टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. लिपिक पोच द्यायला कां-कू करू लागला तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

प्रशासकाच्या काळात सभा नसली तरी ठराव असतो आणि ठरावाची नोंदवही असते. तीच बघायला मागायची. ती कशी, ते खाली कुणीतरी सांगेलच.

टिपणीवाले_नाना
माहिती खात्याचं काम जवळून माहीत असलेल्यांच्या वतीने दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर द्या.

दार बंद होण्याची कारणं दर वेळी काळीबेरी नसतात. आढावा बैठकीत मंत्री एखाद्या कार्यकारी अभियंत्याला झापतात, त्यातली पंधरा सेकंदं कापून रील फिरते आणि त्या माणसाचं म्हणणं कुठेच येत नाही. आकडेही कच्चे असतात, विभागाने सांगितलेला खर्च आणि कोषागारातून निघालेला खर्च यात फरक असतो. म्हणून प्रेसनोट संध्याकाळी येते: आकडे नियोजन शाखेकडून तपासून घेतले जातात आणि मजकूर साहेबांच्या नजरेखालून जातो. त्या गाळणीतून वादाचा भाग गळतो, हेही खरंच.

दुसरं, खालचा अधिकारी बोलत नाही म्हणून त्याच्यावर चिडू नका. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ प्रमाणे त्याला शासनाच्या धोरणावर टीका करता येत नाही आणि परवानगीशिवाय माहिती देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. ग्रामसेवकाच्या तोंडासमोर बूम धरून काही निघत नाही. ‘या विषयावर बोलायला प्राधिकृत कोण?’ असं विचारा आणि त्याच्याकडे जा.

तिसरं, मार्च २०२५ मध्ये सरकारने माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी १० कोटी मंजूर केले. छापील, चॅनेल, डिजिटल सगळ्या बातम्यांची सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी त्यात अपेक्षित आहे. पत्रकारांनी त्याकडे पाळत म्हणून बघितलं, त्यात नवल नाही. पण त्याचा उपयोगही होतो. नकारात्मक बातमी आली की विभागाकडून खुलासा मागवला जातो, आणि खुलासा हा कागद असतो. बातमीनंतर आठवड्याभराने ‘अमुक तारखेच्या वृत्तावर विभागाने सादर केलेल्या खुलाशाची प्रत’ माहिती अधिकारात मागा. बैठकीत तोंडी जे कबूल केलं नसतं ते त्यात सहीनिशी असतं.

ग्रुपबद्दल: अधिकाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कुठलाही नियम नाही. अ‍ॅडमिनच्या मर्जीवर तो चालतो, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. वृत्तपत्राच्या लेटरहेडवर जिल्हा माहिती कार्यालयाला पत्र द्या की सर्व प्रेसनोट आणि पत्रकार परिषदेची निमंत्रणं या ईमेलवर पाठवावीत. यादीत नाव घेतलं नाही तर ते नाकारणं कागदावर येतं. प्रेसनोटा महासंवाद या माहिती खात्याच्या संकेतस्थळावरही पडतात.

तापीतीर
नाना, गाळणीची बाजू नीट मांडलीत, पण एक राहिलं. जाहिरात. दार बंद केल्याचा बोभाटा होतो, जाहिरात थांबल्याचा होत नाही. निविदा सूचना, दर्शनी जाहिराती, रोटेशन, थकलेली बिलं. तालुका प्रतिनिधीला पगार नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर त्याचं घर चालतं. त्याने साहेबांना दोन प्रश्न जास्त विचारले तर मालकाचा फोन आधी त्यालाच येतो. मग बहिष्कार कोण घालणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेंटागॉनने नव्या अटी घातल्या तेव्हा तिथल्या बहुतेक मोठ्या माध्यमांनी सही नाकारून प्रवेशपत्रं परत केली. ते जमलं कारण जवळजवळ सगळ्यांनी एकत्र केलं. आपल्याकडे काळ्या फिती लावून एका पत्रकार परिषदेवर बहिष्कार घालायचा ठरतो आणि दहा मिनिटांत दोघं मागच्या दाराने आत जातात.

शहादेकर
नंदुरबारचं वेगळं सांगतो, कारण इथे दार रुग्णालयाचं आणि अंगणवाडीचं असतं. अक्कलकुवा, धडगावकडे कुपोषणाची बातमी करायची म्हटली की बाल उपचार केंद्रात कॅमेरा नेण्यावरून वाद होतो. तिथे अधिकाऱ्याचं चुकत नाही. आजारी लेकराचा चेहरा दाखवायचा हक्क कुणालाच नाही. पण वॉर्ड बंद आहे म्हणून आकडे बंद होत नाहीत.

मागायचं ते असं: एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा मासिक प्रगती अहवाल, प्रकल्पनिहाय, किमान बारा महिन्यांचा. त्यात सॅम-मॅमच्या (तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांच्या) रकान्याआधी बघायचा तो ‘सर्वेक्षित बालकं’ आणि ‘वजन घेतलेली बालकं’ यांतला फरक. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात, लेकरं सोबत जातात आणि वजन घेतलेल्यांचा आकडाच खाली येतो. सॅम कमी झाले म्हणून प्रेसनोट निघते, पण पोरं तराजूवर चढलेलीच नसतात. टक्केवारी छापण्याआधी छेद काय आहे ते बघा.

मृत्यूंचंही तसंच. ‘कुपोषणाने मृत्यू किती’ असं विचारलं की उत्तर ‘निरंक’, कारण नोंदीत कारण न्यूमोनिया, कमी वजनाचं जन्मणं, जंतुसंसर्ग असं असतं. म्हणून प्रश्न असा लिहा: ० ते १ आणि १ ते ६ वयोगटातले सर्व बालमृत्यू, महिना, प्रकल्प आणि नोंदवलेलं कारण, नावाशिवाय. नावं मागितलीत तर वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज जाईल. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदलून ती पळवाट आणखी रुंद केली आहे. नाव नसलं तरी बातमीचं काही अडत नाही.

भुसावळ_जंक्शन
भुसावळकरांसाठी: रेल्वे केंद्राची. तिथला माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर टाकू नका, केंद्राच्या पोर्टलवर जातो आणि दुसरं अपील दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडे. राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठात रेल्वेचं अपील टाकलं तर ते परत येतं आणि तोवर मुदत गेलेली असते.

अपघाताच्या वेळी आकड्यांवरून भांडण ठरलेलं. जानेवारी २०२५ मध्ये परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी दुसऱ्या गाडीखाली आले, तेव्हाही पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा सारखा बदलत होता. प्रत्येक वेळी लपवाछपवी असतेच असं नाही. रेल्वे जागेवरचे मोजते, जिल्हा प्रशासन रुग्णालयात पोचलेले, पोलीस पंचनामा झालेले. ‘आकडा किती’ एवढंच न विचारता ‘किती वाजेपर्यंतचा, कुणी मोजलेला’ असं विचारा आणि छापतानाही तसंच छापा.

वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीच्या गेटवर मात्र कॅमेरा काढू नका. तिथे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा खरोखरच लागतो.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
हाच कायदा पोलीस ठाण्यातही दाखवतात. ‘इथे शूटिंग केलं तर गुपिते कायदा लावीन’, नाहीतर सरळ ‘तीनशे त्रेपन्न लावीन’. त्यावर कुणी लिहा ना.

वकीलआबा_धुळे
पोलीस ठाणं हे त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित ठिकाण’ या व्याख्येत येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या प्रकरणात २०२२ मध्ये हे सांगितलं, औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये तेच सांगितलं. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणून दुसऱ्या निकालाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. याचा अर्थ कोठडीतल्या आरोपीचं, पीडितेचं किंवा अल्पवयीनाचं चित्रण करा असा नाही. त्याला वेगळे कायदे आहेत आणि ते कडक आहेत.

३५३ आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. शासकीय काम अडवण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर झाला तरच ते लागतं. प्रश्न विचारणं म्हणजे बळाचा वापर नाही. पण अजामीनपात्र आहे, त्यामुळे धमकी म्हणून चालतं. दोरीजवळ उभं राहताना एवढं पाळा: बॅरिकेडला हात लावू नका, पोलिसाचा हात झटकू नका, रेकॉर्डिंग मध्येच बंद करू नका आणि ‘कुठला आदेश, क्रमांक काय, कुणाच्या सहीचा’ असं शांतपणे कॅमेऱ्यात विचारा. बहुतेक वेळा ३७(१)(३) चं नाव घेतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातला तो मनाई आदेश शस्त्रं बाळगणं, जमाव जमवणं यासाठी असतो. आदेश मिळवून वाचा, वार्तांकनावर बंदी त्यात सापडणार नाही.

गुन्ह्याची माहिती ठाणे अंमलदार देत नसेल तर रुसू नका. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, लैंगिक गुन्हे आणि संवेदनशील प्रकरणं वगळून. राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की दिसतो. पाळीच्या बातमीदाराने सकाळचा चहा त्या पानावरच घ्यावा.

मारहाण झाली तर २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचोऱ्यात पत्रकाराला मारहाण झाली तेव्हा राज्यभर या कायद्याची आठवण निघाली होती. पण कायद्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो नोकरीत किंवा करारावर आहे. तापीतीरांनी सांगितलेल्या तालुका प्रतिनिधीकडे नेमणूकपत्रच नसतं आणि गाडी तिथेच अडते. मालकाकडून एका ओळीचं का होईना, तारखेसह नेमणूकपत्र घेऊन ठेवा.

रावेरची_केळी
मग यूट्यूबवाल्यांचं काय? मोबाइलला बूम लावला, गाडीवर ‘प्रेस’ लिहिलं की झाले संपादक. यांच्यामुळेच दारं बंद झाली.

टिपणीवाले_नाना
काही अंशी खरं, पण कायदा तसं बोलत नाही. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, त्यात डिजिटल माध्यमांची नोंदणी येत नाही. त्यामुळे यूट्यूब चॅनेलला ‘सरकारमान्य’ असं काही प्रमाणपत्र नसतं, आणि असल्याचं सांगून पैसे घेऊन कार्ड विकणाऱ्यांपासून लांब राहा. अधिस्वीकृतीपत्रिका (सरकार पत्रकाराला देतं ते ओळखपत्र) वेगळी. तिने एसटीची सवलत आणि इतर योजना मिळतात, पण कुठल्याही बैठकीचं दार ती आपोआप उघडत नाही. आणि ती नाही म्हणून खुल्या सभेतून कुणाला उठवताही येत नाही.

निवडणुकीचं मात्र कडक. मतदान केंद्रात आणि मतमोजणीत आयोगाचं प्राधिकारपत्रच लागतं. नावं आणि फोटो जिल्हा माहिती कार्यालयामार्फत आधीच जातात, शेवटच्या दिवशी दाराशी भांडून काही मिळत नाही. लोकसभा-विधानसभेचं पत्र महापालिका, जिल्हा परिषदेला चालत नाही, तो राज्य निवडणूक आयोगाचा कारभार. मोजणीच्या सभागृहात ट्रायपॉड नाही, कॅमेरा हातात, आखलेल्या रेषेमागे, छोट्या गटाने, सोबत अधिकारी. पंतप्रधानांचा दौरा असला तर पोलीस पडताळणी वेगळी आणि कॅमेरे काही तास आधी तपासणीला द्यावे लागतात.

अमळनेरना_भो
नाना, आबा, आते शेवटलं सांगा. अर्ज कसा लिहायचा? मजकूरच द्या ना.

वकीलआबा_धुळे
घे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांपर्यंत असावा असा नियम आहे. यामुळेच निम्मे अर्ज परत येतात, म्हणून आटोपशीर.

‘विषय: दि. __ रोजीची जिल्हा नियोजन समितीची बैठक. आवश्यक माहिती: १) बैठकीची कार्यक्रमपत्रिका व टिपणी. २) उपस्थिती पत्रक. ३) मंजूर इतिवृत्त, मंजूर नसल्यास मसुदा व तो कोणत्या टप्प्यावर आहे. ४) माध्यम प्रतिनिधींना प्रवेश देण्याबाबत वा न देण्याबाबत निघालेले आदेश, टिपण्या, निमंत्रणांची यादी. ५) वरील अभिलेखांचे कलम २(ञ) अन्वये निरीक्षण.’

१० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. प्रतींना पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आहे, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील नाशिक खंडपीठाकडे. ते लवकर लागत नाही, त्यामुळे सगळं बळ पहिल्या अपिलावर लावा. सुनावणीला स्वतः जा आणि मुद्दा क्रमांकानुसार लेखी म्हणणं द्या. चौथ्या मुद्द्यावर ‘असा कोणताही आदेश नाही’ असं उत्तर आलं तर खूश व्हा: कुठल्याही आदेशाशिवाय बाहेर काढलं हे त्यांनीच लिहून दिलं. छापील वृत्तपत्र असेल तर तो कागद जोडून प्रेस कौन्सिलकडे चार महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कौन्सिल कुणाला दंड करत नाही, पण सरकारच्या वागण्यावर ताशेरे मारू शकतं.

शहादेकर
आबा, सोमवारचं राहिलं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. प्रशासकाच्या ठरावांची नोंदवही त्यातच बघायची. शासन निर्णयाची छापील प्रत खिशात ठेवा, बऱ्याच कार्यालयांत तो माहीतच नसतो. तीनला पोचा, साडेचारला गेलात तर कपाटाची चावी असणारा लिपिक गेलेला असतो. पान क्रमांक लिहून घ्या आणि हव्या त्या पानांच्या प्रमाणित प्रती तिथेच लेखी मागा. मोबाइलने फोटो काढू देतात की नाही यावर वाद घालत बसलात तर पाच वाजतात.